मुडबीकर सरांची बहीण

मुडबीकर सर नावाचा माणूस कधी जन्मलाच न्हाई. हे अगोदरच सांगून टाकतो, न्हाईतर पुढं तुमचा गोंधळ व्हायचा. पुण्याच्या पुस्तकांत त्यांचं नाव हाय, नावाच्या आधी 'प्रा.' हाय, एका पुस्तकात तर 'कै.' सुद्धा हाय. पण तसा माणूसच न्हाई. जी हाय ती माझी थोरली बहीण. विमल तिचं नाव. मी तिला अक्का म्हणतो.

मी मारोती. बशीवर कंडक्टर. हुमनाबाद-गुलबर्गा, हुमनाबाद-बीदर, जी ड्युटी लागंल ती. तिकीट फाडायचं, मराठीत अन् कन्नडात 'पुढं सरका' म्हणून बोंबलायचं, हेच माझं काम. मॅट्रिकच्या पुढं आपली मजल न्हाई. पण अक्काच्या या प्रकरणात माझं डोस्कं जे तापलंय ते अजून थंड झालं न्हाई. म्हणून बोलतो.

आमचं गाव मुडबी, बसवकल्याण तालुक्यातलं. बाप पिराजी, माय चांगुणाबाई. दोघंबी दुसऱ्याच्या रानात राबायचे. अक्काला शाळेत घालायला बाप गेला तेव्हा मास्तरनं आडनाव विचारलं. आडनाव कशाला म्हणतात हे बापाला कुठं ठाऊक? त्यानं आपलं गावाचं नाव सांगितलं. मास्तरनं लिहून टाकलं, मुडबीकर. पुढं छप्पन्न सालानंतर बापानं धम्म घेतला, घरातले देव गेले, रामराम जाऊन जयभीम आला, पण आडनाव तेच राहिलं. आता खरं सांगा, 'मुडबीकर' ऐकून तुमच्या मनात काय आलं? एखादं जुनं कुलकर्ण्याचं घर आलं का न्हाई? लाजू नका. सगळ्यांच्याच मनात तेच यायचं.

अक्का हुशार. एवढी हुशार की बापालाच भ्या वाटायचं. स्कॉलरशिपवर औरंगाबादेला गेली, मराठी घेऊन एम.ए. झाली. पण परत आली तर आमचा मुलूख कानडी राज्यात. इथल्या कॉलेजात मराठीला जागाच न्हाई. मग हुमनाबादच्या एका मराठी हायस्कुलात मास्तरीण झाली अन् बसस्टँडच्या मागं एक खोली घेऊन राहिली.

लगीन झालं न्हाई. सोयरे यायचे, चहा प्यायचे, अन् बाहेर जाऊन म्हणायचे, "एम.ए. बायको आमच्या पोराला झेपायची न्हाई." ज्यांना झेपली असती ती घरं आमच्या दारात कशाला येतील? शाळेतल्या बाया तोंडावर गोड. पण संक्रांतीला एकमेकींकडं जायच्या अन् अक्काला म्हणायच्या, "बाई, तुमच्यात हे चालत न्हाई ना, म्हणून बोलावलं न्हाई." मोठी काळजीच त्यांना आमच्या धम्माची! अक्का हसून 'बरं' म्हणायची. मग संध्याकाळी एक भाकरी थापायची, एकटी खायची, अन् दिव्याखाली बसून लिहायची. तिला बोलायला माणूस न्हाई, हे मला दिसायचं. मी ड्युटी संपली की जायचो, पण मी बोलणार काय? कोणत्या गाडीचा टायर फुटला अन् कोणता पॅसेंजर भांडला.

आता ती लिहायची काय, ते सांगतो.

आमच्याकडं खुरपायला बाया रानात उतरल्या की एकेकीला पिकाच्या ओळींची एक पट्टी वाटून देतात. तिला पात म्हणतात. पाती कशा लावायच्या याचीबी रीत होती. पहिल्या पातीला मालकाच्या घरची न्हाई तर भावकीतली बाई, ती मराठी बोलणार. मधल्या पातींना कानडी बाया. अन् सगळ्यात शेवटी, बांधाला लागून, आमच्या बाया. अंगाला अंग लागू नये म्हणून. खुरपता खुरपता गाणं चालायचं. पहिली बाई मराठीत ओळ टाकायची, मधली कानडीत जोडायची, अन् ते गाणं सरकत सरकत शेवटच्या पातीला यायचं. तिथं आमच्या बाया ते बांधून टाकायच्या. आमची माय शेवटच्या पातीची. अक्का लहानपणी तिच्या मागं मागं रानात असायची.

पुण्याच्या विद्वानांनी या गाण्यांवर लिहून ठेवलं होतं की ही सरहद्दीवरची बिघडलेली मराठी हाय, कानडीची भेसळ झालेली. अक्काला ते वाचून राग आला. ती म्हणली, "भेसळ कशाची? तीन पाती, तीन बाया, तीन ओळी. हे बांधावर उभारून ऐकतेत, रानात कधी उतरलेच न्हाईत." तिनं त्या गाण्याला नाव दिलं पातओवी. मायची एक पातओवी तर तिच्या जिवाची होती. ऐका:

पात माझी लांबली, ऊन आलं डोईवर,
नीर ता अक्का, नीर ता,
घागर तुमची, तहान माझी, ओंजळ धरते दुरून.

मधली ओळ कानडी हाय. पाणी आण अक्का, पाणी आण. अन् तिसरी आमच्या मायची, तिची सोताची. ती तशी का हाय हे मी सांगायला पायजे का? आम्हाला पाणी वरून ओतायचे, घागरीला हात लावू देत नव्हते. अक्काचं सगळं म्हणणं त्या तिसऱ्या ओळीवर उभं होतं. ती म्हणायची, "मारोत्या, गाणं शेवटच्या पातीला पुरं होतंय. हे एकदा छापून आलं की माझं काम झालं."

ते छापून आलं की! पुण्याच्या एका मासिकाला तिनं लेख धाडला. खाली सही केली, वि. पि. मुडबीकर. कामून? तर तेव्हा सगळेच लेखक तसं लिहायचे, नावाचं एक अक्षर, बापाच्या नावाचं एक अक्षर, पुढं आडनाव. तिनं लपवायला म्हणून केलं न्हाई. संपादकाचं उत्तर आलं, 'श्री. मुडबीकर यांस सप्रेम नमस्कार.' पुढच्या लेखावर छापलं, 'प्रा. वि. पि. मुडबीकर.' न मागता बाप्या केलं अन् न मागता प्रोफेसर केलं! आम्ही दोघं बहीण-भाऊ पोट धरून हसलो.

मग काय विचारता. ज्यो तो मुडबीकरांचं नाव घ्यायला लागला. पुस्तकाच्या पानाखाली बारीक अक्षरात लिहितात बगा, हे कोणाकडून घेतलं ते, तिथं सगळीकडं मुडबीकर. लोकगीतांवरचे पुण्याचे एक मोठे डॉक्टर होते. मी नाव घेत न्हाई, आपण त्यांना मोठे सर म्हणू. त्यांनी लिहिलं, 'मुडबीकरांचे विवेचन मूलगामी आहे.' अक्कानं ते मला वाचून दाखवलं.

"मूलगामी म्हंजे?" मी विचारलं.

"मुळापर्यंत जाणारं."

"मग खुरप्याला म्हण की मूलगामी," मी म्हणलो. किती हसली! ती तेवढी हसलेली मला आवडायची. त्या दिवसांत ती खोलीत एकटी वाटायचीच न्हाई. लांब कुठंतरी माणसं तिचं लिहिलेलं वाचायलेत, तिच्याशी भांडायलेत, 'मुडबीकर म्हणतात' म्हणायलेत, हे तिला पुरायचं.

एकदा एकानं पत्रात विचारलं, 'आपण मुडबीच्या कोणत्या घराण्यातले?' अक्कानं उत्तरात चार पानं ओव्यांबद्दल लिहिलं अन् घराण्याचं सोडून दिलं. मी म्हणलो, "सांगून टाक की." ती म्हणली, "घराण्याचा अन् ओवीचा काय संबंध? भेटतील तेव्हा बगतील की." भेटायची तिला हौस होती. भ्या मलाच वाटायचं, तिला न्हाई.

अन् ती भेट आली. आणीबाणी उठली त्या साली गुलबर्ग्याला लोकगीतांची मोठी परिषद भरली. निमंत्रण आलं, 'श्री. वि. पि. मुडबीकर यांनी पातओवीवर निबंध वाचावा.' खाली लिहिलेलं, राहायची सोय लॉजवर, खोलीत सोबत पुण्याचे दोन सर. अक्का म्हणली, "अग बाई! आता काय करायचं?" पण डोळे असे चमकत होते! नवं पांढरं लुगडं घेतलं, काळ्या काठाचं. मी रजा टाकली न्हाई, सकाळची गाडी घेऊन गेलो, परतीची गाडी संध्याकाळची होती, म्हणून तसाच खाकी कपड्यात तिच्यासंगं हॉलवर गेलो.

दारात पोरं हार घेऊन उभी. अक्कानं सांगितलं, "मुडबीकर." झालं! "बर्री सर, बर्री" म्हंजे 'या सर, या' करत त्यांनी हार माझ्या गळ्यात घातला. खाकी ड्रेस, कमरेला चामड्याची पिशवी, अन् गळ्यात झेंडूचा हार. म्हणलो, "अहो मी न्हाई. या. या मुडबीकर." पोरं माझ्याकडं बगतेत, अक्काकडं बगतेत. मी हार काढून त्यांच्या हातात दिला. आता माझ्या गळ्यातून काढलेला हार बाईला कसा घालावा, म्हणून त्यांनी तो टेबलावर ठेवला. तो तिथंच राहिला.

मोठे सर आले. चांगले हसत आले. "म्हणजे आपण मुडबीकर! वा, वा, आम्हाला कल्पनाच नव्हती. मुडबीच्या कुणापैकी?" अक्का सरळ माणूस. म्हणली, "आम्ही बौद्ध. माझी आई शेवटच्या पातीला खुरपायची. ती तिसरी ओळ तिचीच आहे."

"असं होय," मोठे सर म्हणले. "छान, छान." अन् घड्याळात बगितलं.

कोणी वाईट बोललं न्हाई बगा. तेच तर. वाईट बोलले असते तर मी भांडलो असतो, मला भांडता येतं. तिचा निबंध सकाळचा होता तो जेवणाच्या नंतर ठेवला, वेळ कमी पडला म्हणले. जेवायला बसलो तर आमच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर 'इथं कोणी येणार हाय' म्हणून रुमाल. ते कोणी शेवटपर्यंत आलं न्हाई. अक्का खाली मान घालून जेवली. दुपारी ती वाचायला उभारली तेव्हा निम्मा हॉल गावातला किल्ला बघायला गेला होता. तिनं सगळा निबंध वाचला, ओवी चालीत म्हणून दाखवली. मागं बसून मी एकटाच जोरात टाळ्या वाजवल्या, तर पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बगितलं.

शेवटी मोठे सर बोलले. म्हणले, "पातओवी ही संकल्पना आता सर्वमान्य झालेली आहे." कोणाची, ते म्हणले न्हाई. मी अक्काकडं बगितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

परतीच्या बशीत खिडकीला डोकं टेकून बसली. हुमनाबाद आलं तेव्हा म्हणली, "मारोत्या, त्यांनी मला एक प्रश्नसुद्धा विचारला न्हाई रे. आधी पत्रात किती भांडायचे."

त्याच्या पुढची वर्सं मी कशी सांगू? एकदम काही झालं न्हाई. नवं पुस्तक यायचं, अक्का पानाखालचं बारीक अक्षर बघायची. आधी 'मुडबीकरांनी दाखवून दिले आहे' असायचं. मग 'जाणकारांच्या मते' झालं. मग 'हुमनाबादच्या एका शिक्षिकेने पुरवलेल्या माहितीनुसार.' वाचलं का? माहिती पुरवली! दूध पुरवतात तशी. विचार करणारे ते, अन् ही पुरवणारी. मग तेबी गेलं. नुसती पातओवी राहिली, कोणाचीच न्हाई अशी.

अन् त्यात मोठ्या सरांनी लिहिलं की पातओवी मूळ दोन ओळींची. मालकिणींनी रचलेली. तिसरी ओळ मागून कोणीतरी चिकटवली, ती कलेच्या दृष्टीनं सदोष. अक्कानं ते वाचलं. सोताचं नाव गेलं तेव्हा ती गप राहिली होती. मायची ओळ गेली तेव्हा तिला सोसलं न्हाई. माय तोवर वारली होती, तिला इचारायला जाणार कोण?

मग तिनं नवा लेख लिहिला, तिसऱ्या ओळीवर. म्हणली, आता आडपडदा नको. खाली सगळं नाव घातलं, 'विमल चांगुणा पिराजी.' आडनाव गाळून टाकलं, बापाच्या आधी मायचं नाव घातलं. मुंबईच्या दुसऱ्या एका मासिकाला धाडला. महिन्याभरानं लेख परत आला. सोबत चिठ्ठी. काय लिहिलं असंल? 'बाई, हे विचार प्रा. वि. पि. मुडबीकर यांनी पूर्वीच मांडलेले आहेत. आपण त्यांचा साधा उल्लेखही केलेला नाही. ही उचलेगिरी अभ्यासकाला शोभत नाही.'

घ्या! सोताच्या घरात सोताच चोर! मी म्हणलो, "मी जातो मुंबईला, त्याच्या टेबलावर उभारून सांगतो." अक्का हसायला लागली. हसता हसता तिला थांबताच येईना. मला तिचं ते हसू बघवलं न्हाई. त्याच्यानंतर तिनं कुठंच काही धाडलं न्हाई. शाळेत जायची, यायची. संध्याकाळी दिव्याखाली आता पोरांच्या वह्या तपासत बसायची. मी गेलो तर विचारायची, "आज गाडीत कोण भांडलं?" अन् मी सांगायचो.

अशी बरीच वर्सं गेली. मग एक दिवस माझ्या गाडीत गुलबर्ग्याहून एक पोरगा बसला. पोरगा म्हंजे, दाढीवाला, तिशीच्या आतला, खांद्याला झोळी. मला विचारलं, "हुमनाबादला वि. पि. मुडबीकर सर कुठं राहतात, माहीत आहे का?"

माझ्या हातातून तिकिटाचा गठ्ठाच सुटायचा बाकी राहिला. एवढ्या वर्सांनी कोणीतरी ते नाव घेतलं! नाव विरुपाक्ष, सोलापूरकडचा, पुण्यात पीएच.डी. करतोय म्हणला. जुन्या मासिकांतून सरांचे लेख शोधून काढले, लेखाखाली हा पत्ता होता. म्हणला, "आता त्यांचं नावच कोणी घेत नाही हो. सगळे त्यांचं वापरतात आणि नाव गाळतात. मला ते परत उजेडात आणायचंय."

मनात म्हणलो, चल गड्या, तुला सर दाखवतो. मी काही सांगितलं न्हाई. दार उघडल्यावर त्याचं तोंड कसं होतंय ते मला बघायचं होतं. अक्का किती खूश होईल, याचाच विचार करत मी तिकिटं फाडत होतो.

ड्युटी संपली तसं मी त्याला घेऊन गेलो. रविवार म्हणून अक्का घरीच होती, तिनं दार उघडलं. पोरानं वाकून नमस्कार केला अन् तिच्या खांद्यावरून आत बगत विचारलं, "सर आहेत का?"

अक्कानं माझ्याकडं बगितलं. मी हसू दाबून उभा. पोरगा पुढं बोलतच होता, तेच सगळं, नाव गाळतात, उजेडात आणायचंय, माझ्या प्रबंधाचं पुस्तक होणार हाय. अक्का ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर एकदा उजेड आला, मी बगितला. आता सांगणार, असं वाटलं. मग तो उजेड गेला.

"सर वारले," ती म्हणली.

मी तोंड उघडलं, तर तिनं असा हात केला की माझं तोंड आपोआप मिटलं.

पोरगा मटकन पायरीवर बसला. खरंच डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "कधी?"

"गुलबर्ग्याच्या परिषदेनंतर."

"आणि आपण?"

"मी त्यांची बहीण."

मग तिनं त्याला आत घेतलं, चहा केला, अन् दुपार कलंपर्यंत सांगत बसली. सगळं सांगितलं. पाती कशा लावायच्या, गाणं कसं सरकायचं, कानडी ओळ कुठं वळते. पण दर वाक्याला 'सर म्हणायचे,' 'सरांचं मत होतं.' मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. विरुपाक्षनं विचारलं, "ती तिसरी ओळ सरांना कुठं मिळाली?" अक्का म्हणली, "मुडबीला चांगुणाबाई म्हणून एक बौद्ध बाई होती. ती ओळ तिची. सगळं सोडा, पण ती ओळ अन् ते नाव सोडू नका. सरांचा जीव त्या ओळीत होता." मायचं नाव परक्या बाईचं घ्यावं तसं घेतलं तिनं! आवाज हलला न्हाई. मला मात्र तिथं बसवेना, मी उठून बाहेर गेलो.

तो गेल्यावर मी भांडलो. आयुष्यात पयल्यांदा अक्कावर ओरडलो. "येडी झालीस का? एवढ्या वर्सांनी एक चांगला माणूस दारात आला, अन् तू सोताला मारून टाकलंस? कामून?"

"चांगला हाय म्हणूनच," ती म्हणली. कप विसळत होती. "तेबी चांगलेच होते मारोत्या, मला बघंपर्यंत. हा बगून काय करंल मला ठाऊक न्हाई. न्हाईबी करणार काही. पण मी ते पुन्हा एकदा बघू शकत न्हाई. मी पुढं गेले की ओवी मागं पडती. मग जाऊ दे तिला माझ्याबिगर." अन् मग म्हणली, "मला लई एकटं वाटतंय रे." एवढंच. तसं ती कधी म्हणली नव्हती. मी तिच्याजवळ भिंतीला टेकून बसलो. 

पुस्तक यायला दोन-तीन वर्सं गेली. टपालानं आलं, पत्ता, 'कै. मुडबीकर सरांच्या भगिनी.' मी तिथंच होतो. अक्कानं पुडकं सोडलं अन् पुस्तक माझ्या हातात दिलं. "तू वाच. माझ्यानं होत न्हाई."

पयल्या पानावरच होतं, 'कै. प्रा. वि. पि. मुडबीकर यांच्या स्मृतीस.' आमच्यात गेलेल्याला कालकथित म्हणतात. ह्यांनी सरांना कैलासाला धाडून दिलं. मी ते सोडून पुढं गेलो. पानापानाखाली मुडबीकर. मोठ्या सरांचं म्हणणं खोडून काढलेलं, चांगलं ठासून. एका जागी लिहिलेलं, 'मुडबीकर सर स्वतः जुन्या प्रतिष्ठित घराण्यातले. तरीही ते शेवटच्या पातीपर्यंत चालत गेले, हे त्यांचे मोठेपण.' मी वाचायचा थांबलो. अक्का म्हणली, "हे मी सांगितलं न्हाई. त्याचं त्यानंच घातलं. वाच पुढं."

पुढं पातओवी होती. तिन्ही ओळी. घागर तुमची, तहान माझी, ओंजळ धरते दुरून. अन् खाली, 'तिसरी ओळ मुडबीच्या चांगुणाबाई या बौद्ध शेतमजूर स्त्रीची रचना; तिच्यावाचून पातओवी अपुरी आहे.' अक्कानं ती जागा बोटानं चाचपली. मग पदर तोंडाला लावून रडली. मोठ्यानं, माय गेली तेव्हा रडली नव्हती तशी. मीबी रडलो, लपवत न्हाई.

तिचं रडणं शांत झाल्यावर मी मागली पानं बगितली. शेवटी आभार मानलेले होते, पुण्याच्या सरांचे, ग्रंथालयाचे, छापखान्याचे. सगळ्यांची नावं, हुद्दे. सगळ्यात खाली एक ओळ होती, 'हुमनाबादला सरांच्या भगिनींनी अगत्याने चहा दिला, त्यांचाही ऋणी आहे.' माझं डोस्कंच फिरलं. म्हणलो, "अक्का, मायचं नाव आलं, त्या नसलेल्या सराचं आलं, छापखान्याच्या मॅनेजरचंबी आलं. तुझं कुठं हाय?"

अक्कानं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, ती शेवटची ओळ सोताच वाचली, अन् पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"चहा मीच दिला होता की, मारोत्या," ती म्हणली. "तेवढं तरी खरं लिहिलंय त्यानं."